लोखंडी मांडवावरचा पावटा

बबनभाऊंना कुणी ‘कसं काय?’ विचारलं, तर शेवटची तीन वर्षं ते स्वतःच्या तब्येतीचं काही सांगत नसत. ‘आज सव्वीस गळाली,’ म्हणत आणि पुढे चालू लागत. नव्या माणसाला वाटायचं, यांचे केस गळतात की काय. डोक्यावर तर औषधाला केस नव्हता. गळायची ती पावट्याची फुलं. सकाळी उठून मांडवाखालची फुलं वेचायची, स्टीलच्या ताटलीत ठेवायची, मोजायची आणि मग चहा. तीन वर्षं हाच दिनक्रम.

भाऊ जाऊन आता वर्ष होत आलं. सोमाटण्यात आमची घरं भिंतीला भिंत लागून. त्यांच्या घरात सध्या भाडेकरू राहतात आणि मांडवावर कपडे वाळत घालतात. मी काही बोलत नाही. या गल्लीत बोलून बोलून माझं तोंड दुखलंय, आणि गुडघे तर त्याआधीपासूनच दुखतायत.

भाऊ देहूरोडच्या डेपोत स्टोअरकीपर होते. नोकरी सुटली, पण स्टोअर सुटलं नाही. डेपोतल्यासारखे पत्र्याचे बिल्ले कापून त्यावर खिळ्यानं अक्षरं कोरायची आणि दिसेल त्या वस्तूला तारेनं बांधायची, हा त्यांचा छंद. मिरचीच्या झाडाला बिल्ला, ‘मिरची, तिखट, १ नग’. माझ्या घराची जादा किल्ली त्यांच्याकडे असायची, तिला बिल्ला, ‘बाई, डुप्लिकेट’. मी म्हटलं, “भाऊ, असली बाई कुठं आहे मग?” तर गंभीरपणे म्हणाले, “असली तुमच्यापाशी हाय.” विनोद कळायला त्यांना दोन दिवस लागत. तिसऱ्या दिवशी कुंपणापाशी येऊन एकटेच हसत.

बाग मात्र त्यांची नव्हे. ती मंदाताईंची, त्यांच्या बायकोची. भाऊ म्हणायचे, “त्ये हिचं डिपार्टमेंट. आपुन त्यात न्हाई पडायचं.” आणि खरंच पडले नाहीत. तीस-पस्तीस वर्षं त्या बागेतून ताटात काय येतं एवढंच त्यांना ठाऊक.

मंदाताईंचं माहेर पवन मावळातलं. लग्नात ओटीत आलेलं पावट्याचं बी त्यांनी दर वर्षी लावून, दर वर्षी राखून जपलं होतं. शेंगेच्या कडेला बारीक जांभळी रेघ, दाणा टपोरा, आणि सोलल्यावर बोटांना दिवसभर वास. भोगीच्या भाजीत घरचाच पावटा पडला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. त्यांची एकुलती लेक सुरेखा लग्न होऊन लोणावळ्याला गेली, तिथल्या हॉटेलात नोकरीला लागली, पण भोगीला आईकडे यायची म्हणजे यायचीच. सासरी बाकी सगळं आहे हो बाई, पण तो वास नाही, म्हणायची. ती माझी विद्यार्थिनी, म्हणून मला बाई. तिचं ऐकून भाऊही बाईच म्हणायला लागले, ते शेवटपर्यंत.

मंदाताईंचं दुखणं पाच महिन्यांचं. खाट खिडकीपाशी होती, तिथून मागचा मांडव दिसायचा. जुन्या बांबूंचा, एका अंगाला कललेला, सुतळ्या लोंबणारा. शेवटच्या दिवसांत त्या फार बोलत नव्हत्या. एकदा मी बसलेली असताना भाऊंना म्हणाल्या, “मांडव नीट करा बरं का. यंदा येल पेलायचा न्हाई त्याला.” वैशाखात त्या गेल्या.

तेरावा झाला आणि भाऊंनी पहिलं काम काय केलं असेल, तर फाट्यावरच्या वेल्डिंगवाल्याला बोलावलं. बांबूचा मांडव पाडला आणि लोखंडी पाइपांचा नवा उभा केला. चार खांब, काँक्रीटमध्ये रोवलेले. वरून लाल प्रायमर, त्यावर हिरवा ऑइलपेंट. रंग वाळल्यावर मला बोलावून एका खांबाला खांदा लावून दाखवला. “बगा बाई, जागचा हालतोय का? पन्नास वर्सं बगायला नको.” मग मान फिरवली आणि म्हणाले, “हिनं एकच सांगितलेलं. तेवढं केलं.” मी छान झालाय म्हटलं. खोटं नव्हतं ते, छानच झाला होता.

मृगात त्यांनी बी लावलं. कसं लावायचं हे त्यांना कुठं माहीत! पण पावटा उगवला, चढला आणि गणपतीपर्यंत तो सगळा हिरवा मांडव त्यानं झाकून टाकला. दसऱ्याला तुरे लागले. पांढरी-जांभळी फुलं, इतकी की मागच्या रस्त्यावरून जाणारे थांबायचे. भाऊ सगळ्यांना सांगायचे, “हिचा पावटा हाय.” मग फुलं गळायला लागली. आज वीस, उद्या तीस. तुरा सगळा रिकामा व्हायचा आणि नुसती काडी उरायची. एखादी शेंग धरलीच तर वाकडी, आत दाणा पोचट.

“बाई, माल तर भरपूर हाय,” भाऊ ताटली पुढे करून डेपोच्या भाषेत म्हणाले, “पन इश्यूच होत न्हाई.”

मी शास्त्राची शिक्षिका. सत्तावीस वर्षं फळ्यावर फुलाचा उभा छेद काढलेला. विचारल्यावर गप्प बसणं मला जमत नाही, हा माझा जुना रोग. मी म्हटलं, पाऊस लांबलाय, त्यानं होतं असं.

त्याच वर्षी त्यांनी वाटाणाही लावला होता. भाद्रपदात, आणि तोही पत्र्याच्या शेडला टेकून. त्याचीही फुलं करपून गळत होती. तिथं माझी विद्या उपयोगी पडली. मी सांगितलं, “भाऊ, वाटाण्याला माशी लागत नाही, फुलपाखरू लागत नाही. फूल उमलायच्या आधीच आतल्या आत सगळं उरकलेलं असतं त्याचं. त्याला लागते थंडी. दिवाळीनंतर लावा आणि त्या तापत्या पत्र्यापासून लांब लावा.” त्यांनी तसं केलं आणि वाटाणा असा लागला की गल्लीत वाटून उरला. माझ्या घरी भांडंभर सोललेले दाणे घेऊन आले, वर बिल्ला, ‘बाईंच्या सल्ल्याचा’. मी तो बिल्ला फ्रिजवर लावून ठेवला. मूर्खासारखी.

कारण तिथून पुढे माझा शब्द म्हणजे त्यांना काळ्या दगडावरची रेघ. दुसऱ्या वर्षी पावट्याची फुलं गळायला लागली तेव्हा त्यांनी विचारलं, “ह्याला माशी लागत आसंल का हो, बाई?” आणि मी ठसक्यात सांगितलं, “छे! वाटाण्याच्याच कुळातला तो. आपला आपण फळतो. शेणखत जास्त झालंय तुमचं, सगळा जोर पानांत जातोय. खत थांबवा आणि धीर धरा.” ते थांबले. धीर धरला. अख्खा हंगाम गेला. भाऊ एका शब्दानं मला काही म्हणाले नाहीत, याचा मला अजून त्रास होतो.

पहिल्या वर्षी भोगीला सुरेखा आली होती. भाऊंनी तळेगावच्या बाजारातून पावटा आणून गुपचूप टोपलीत ठेवला होता. तिनं पहिला घास घेतला आणि विचारलं, “दादा, हा आईचा नाही ना?” भाऊ म्हणाले, “यंदा जरा कमी आला.” दुसऱ्या वर्षी तिला रजाच मिळाली नाही, तेव्हा भाऊंना हायसं वाटलेलं मी पाहिलं. लेक येत नाही म्हणून बापाला बरं वाटावं, काय दिवस आले होते बघा.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी मंदाताईंच्या डब्यात राखेत ठेवलेलं बी उपसून पाहिलं, तर निम्म्याला कीड लागलेली. धड असे नऊ दाणे निघाले. भाऊ एसटीनं मंदाताईंच्या माहेरी जाऊन आले. त्यांना वाटलं, तिथं कुणाकडे तरी असेलच. संध्याकाळी आले ते चप्पल न काढता पायरीवर बसले. “तितं कुनी पावटा लावत न्हाई आता. बांधाला बांध ऱ्हायलाच न्हाई, सगळी फार्महाऊसं. हिच्या भावजयीनं चहा दिला आन् म्हनली, पावटा काय, बाजारात मिळतो की.” मी विचारलं, सुरेखाला सांगितलंत का? तर एकदम चिडले. “काय सांगू? तुज्या आईचं बी मी बुडवलं म्हनून सांगू?”

ते नऊ दाणे तिसऱ्या वर्षी लावले. पाच उगवले. भाऊंनी पाचही वेलांना बिल्ले बांधले. लिहिलं काहीच नव्हतं त्यावर, कोरेच होते.

त्या दिवाळीच्या आधी चांगुणा आली. वरच्या ठाकरवाडीतली. डोंगरची काकडी घेऊन दारोदार फिरायची आणि मंदाताई होत्या तोवर त्यांच्याकडे बसून भाकरी खाल्ल्याशिवाय पुढे जायची नाही. त्या गेल्यापासून तिनं ही गल्लीच टाकली होती. त्या दिवशी आली, पाटी उतरवली, मांडवाखाली उभी राहिली आणि कान देऊन ऐकत राहिली.

“हितं आवाज न्हाई,” ती म्हणाली. “आक्का व्हती तवा ह्या मांडवाखाली बोललेलं ऐकू येत नव्हतं. काळं भुंगं नुसतं घुंघुं करायचं. कुटं गेलं सारं?”

मी म्हटलं, “गेले असतील कुठं तरी. पावट्याला त्यांची गरज नसते.”

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मला शाळेत पहिल्या दिवशी आल्यासारखं वाटलं. मग तिनं एक फूल तोडलं, डाव्या हातात धरलं आणि अंगठ्याच्या नखानं खालची पाकळी हलकेच दाबली. आतून वाकडा केसाळ दांडा टचकन वर आला, टोकाला पिवळी पूड. “ह्यो असा भाईर याया लागतो, बाई. भुंगा जड. त्यो बसला का पाकळी आपसूक दबती. बारकी माशी येती बिचारी, पन तिला वजन कुटलं? ह्या फुलाला जड पावना लागतो.”

सत्तावीस वर्षं! जास्वंदीचं फूल कापलं, धोतऱ्याचं कापलं, परीक्षेत आकृतीला गुण दिले. पावट्याचं फूल मात्र एकदाही हातात घेऊन दाबून पाहिलं नव्हतं. भर उन्हात माझे कान गरम झाले.

चांगुणा भाऊंकडे वळली. “आक्काचं बांबू कुटं हायती? भुंगं त्यातच ऱ्हायचं की, पोकळीत. ह्ये एवढाली भोकं पाडलेली. दिसली न्हाईत व्हय तुमास्नी?”

भाऊ पायरीवर बसले. म्हणाले, “जाळलं मी.”

“काय?”

“बंबाखाली घातलं. पानी तापवाया. कोरडं व्हतं, चांगलं पेटलं.” ते मांडवाच्या खांबाकडे पाहत बोलत होते. “भुंगं भाईर आलं, त्ये दोन दिस अंगनात फिरत व्हतं. जुना मांडव व्हता ना, तितंच, त्याच जागी घिरट्या घालत. घरात बी आलं. मला वाटलं चावत्याल. झाडूनं मारलं. पंधरा-वीस आसतील. सुपलीत भरून टाकलं.” मग माझ्याकडे पाहिलं. “ही म्हनली मांडव नीट करा. म्या नीट केला, बाई.”

चांगुणानं पाटी उचलली. जाताना भाऊंच्या खांद्याला हात लावला आणि एक काकडी पायरीवर ठेवून गेली. मला तिथं थांबवेना आणि निघवेनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला भाऊ स्टुलावर. अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी, डोळ्याला वाचायचा चष्मा. एकेक फूल घ्यायचं आणि पाकळी दाबायची. डेपोत खोकी उचलून जाड झालेली बोटं ती. पहिल्या दिवशी निम्मी फुलं मोडूनच टाकली. मग अंगठी काढली, नख थोडं वाढवलं आणि हात बसला. फूल दाबलं की “हां, पुढचं” म्हणायचे, जसं डेपोच्या खिडकीपुढच्या रांगेतल्या माणसाला म्हणावं. उन्हं चढली की फुलं मिटतात, म्हणून नऊच्या आत उरकायचं. मी स्टूल धरायला उभी राहायचे. दोघांचेही गुडघे कुरकुरायचे. महिना-सव्वा महिना हेच. मला कंटाळा यायचा, खरं सांगते. त्यांनाही येत असणार. पण एकदाही चुकले नाहीत. ताप होता तेव्हाही नाही. कुठून तरी चार जुने बांबू आणून त्यांनी कुंपणाला बांधले, पण भुंगा काही फिरकला नाही.

शेंगा धरल्या. एकंदर सतरा. कडेला बारीक जांभळी रेघ. पौषात वेलांच्या शेंड्यांना काळा मावा पडला, नवे तुरे येणं थांबलं. म्हणजे काय ते या सतरांतच. भाऊ त्यांना हातही लावत नव्हते. “वाळू द्यायच्या. समद्या. एक बी खायची न्हाई. पुडल्या साली मग सुरेखाला भोगीला पोटभर.”

मंदाताईंची एक पद्धत होती. बियाण्याला ठेवायच्या शेंगेला त्या लुगड्याची चिंधी बांधायच्या, म्हणजे घरातलं दुसरं कुणी ती तोडणार नाही. मी आठवण केली, चिंधी बांधलीत का? भाऊ चक्क हसले. “आवो, समद्याच बियान्याच्या. मंग चिंधी कुनाला बांधायची?” मलाही ते पटलं. बिल्ले कोरणारा माणूस, आणि तिथं एक चिंधी बांधली नाही.

भोगीच्या दिवशी सकाळी भाऊ बाजरी दळायला गिरणीत गेले. त्या दिवशी गिरणीत ही रांग असते. मी माझ्या ओट्यापाशी तीळ भाजत होते आणि खिडकीतून वास आला. पावट्याचा. बाजारच्या नव्हे. मी गॅस बंद केला आणि गुडघे नेतील तेवढ्या वेगानं शेजारी गेले.

सुरेखा कढईत डाव फिरवत होती. पहिल्या गाडीनं आली होती, न कळवता, बापाला आश्चर्याचा धक्का द्यायला. “बाई! बघा, दादांनी आईचा पावटा लावलाय आणि मला सांगितलंसुद्धा नाही! तीन वर्षांनी वास घेतेय मी हा.” नाकाचा शेंडा लाल झाला होता तिचा. “चिंधी एकाही शेंगेला नव्हती. म्हटलं, बी काढून झालेलं दिसतंय. सगळ्या घेतल्या.”

तेवढ्यात भाऊ दारात आले, खांद्यावर पिठाचा डबा. उंबऱ्यातच थांबले. वास त्यांनाही आलाच असणार. मागच्या दारातून मांडव दिसत होता, तिकडे पाहिलं. मग लेकीकडे पाहिलं.

“अगं सुरेखा, ते बी...” मी सुरुवात केली.

“बाई, बसा,” भाऊ म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला मध्ये तोडलं. “पाट घ्या. जेवायची येळ झाली.”

तिनं तीळ लावून भाकऱ्या थापल्या. आम्ही तिघं जेवायला बसलो. सुरेखा बापाच्या तोंडाकडे पाहत होती. “आईसारखी झालीय?”

भाऊंनी सावकाश चावलं. “झालीय,” म्हणाले. थोड्या वेळानं, “मीठ जरा कमी घालायची ती.” आणि ताट पुढे केलं, “वाड अजून.”

“बी ठेवलंय ना नीट? राखेत?”

“ठेवलंय की.”

चारला ती गेली. रात्रपाळी होती. भाऊ रस्त्यापर्यंत सोडायला गेले, रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत राहिले. मी फाटकात उभीच होते. मला संताप आला होता, आणि त्यांच्यापेक्षा स्वतःचाच जास्त. “सांगायचं तरी, भाऊ! तिला कळलं असतं तर...”

“तर काय? रडली असती. परत भोगीला येताना भ्याली असती.” ते फाटकाला धरून उभे राहिले. “हिनं तरी बी कुनासाटी जपलं व्हतं, बाई? पोरीनं येऊन खावं म्हनूनच ना? खाल्लं तिनं.” मग म्हणाले, “दमलो आज,” आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशी मी साताऱ्याला बहिणीकडे गेले आणि पंधरवड्यानं भाऊ गेल्याचा फोन मला तिथंच आला. त्यामुळं मी त्यांना शेवटचं पाहिलं ते भोगीच्याच संध्याकाळी. सुरेखानं जाताना भाकऱ्या घालून दिलेलं ताट परत करायला मी मागच्या दारानं गेले होते. भाऊ ओट्यापाशी उभे होते. कढई डाव्या हातात धरून भाकरीच्या तुकड्यानं ती आतून पुसून खात होते आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. ते पुसायला हात मोकळा नव्हता. कढईच्या तळाशी एक दाणा चिकटून राहिला होता. तो त्यांनी नखानं हलकेच सोडवला, तळहातावर घेतला आणि चष्मा लावून उजेडाशी नेऊन पाहिला, फुटला आहे का, शिजला आहे का. मग तोंडात टाकला. मी ताट तसंच घेऊन परत फिरले.